पॉवर फ्लशचं यंत्र विकत घ्यावं की भाड्यानं आणावं?

ब्रिटनमध्ये हीटिंगचं, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांतून खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवून घर उबदार ठेवण्याचं, काम नव्यानं सुरू करणाऱ्यापुढे पहिल्या हिवाळ्यातच हा प्रश्न येतो. बॉयलर बदलायचा आहे, जुन्या रेडिएटरातून काळंकुट्ट पाणी निघतंय, आणि सिस्टिम न धुता नवा बॉयलर बसवला तर उद्या कंपनी वॉरंटीचा दावा फेटाळू शकते. सिस्टिम आतून धुणारं पॉवर फ्लशचं यंत्र महाग आहे, आणि भाड्याच्या दुकानात तेच यंत्र दिवसाच्या बोलीवर मिळतं.

याचं उत्तर काढायला यंत्राच्या किमतीपेक्षा स्वतःची डायरी जास्त उपयोगी पडते. वर्षात यंत्र खरोखर किती दिवस लागतं आणि भाड्याच्या एका दिवसापायी सगळं मिळून किती जातं, हे दोन आकडे हाती आले की बाकीचा हिशेब पाच मिनिटांचा. खाली पौंडांचे जे आकडे आहेत ते हिशेब समजण्यापुरते धरलेत. त्यांच्या जागी आपल्या गावातल्या दुकानाचे आकडे घाला.

पाण्यात काय असतं

महाराष्ट्रातून इकडे आलेल्याला क्षार ओळखीचा असतो. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर आपण सगळ्यांनी पाहिलाय. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी कठीण आहे, त्यामुळे तो इथेही भेटतो. स्कॉटलंड, वेल्स, वायव्य इंग्लंड इकडे पाणी मऊ, तिथे क्षाराचा त्रास कमी. पण रेडिएटरच्या सिस्टिममध्ये मुख्य डोकेदुखी असते ती काळ्या गाळाची.

रेडिएटर पोलादाचे, नळ्या तांब्याच्या, आणि पाणी वर्षानुवर्षं तेच फिरतं. इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) संपलं किंवा कुणी कधी घातलंच नाही, की पोलाद आतून गंजतं आणि मॅग्नेटाइट तयार होतं. हा लोहाचा काळा ऑक्साइड लोहचुंबकाला चिकटतो आणि पाण्याच्या पाचपट जड असतो. म्हणून तो रेडिएटरच्या तळाशी, मधोमध बसतो. घरातल्या पंपाच्या मंद प्रवाहाला तो उचलता येत नाही. गंजताना हायड्रोजनही सुटतो आणि रेडिएटरच्या वरच्या टोकाला साठतो. महिन्या-दोन महिन्यांनी ‘हवा’ काढावी लागणारा रेडिएटर अनेकदा याचीच खूण असतो. हा वायू पेट घेतो, तेव्हा हवा काढताना जवळ ज्योत नको.

पॉवर फ्लशचं यंत्र म्हणजे चाकांवरची एक टाकी, मोठ्या प्रवाहाचा पंप, दिशा उलटवणारा दांडा, आणि पाणी भरायची व टाकून द्यायची सोय. ‘पॉवर’ या शब्दामुळे लोकांना वाटतं की ते जोराचा दाब देतं. प्रत्यक्षात दाब बेताचाच असतो. काम होतं ते प्रवाहाच्या वेगानं आणि दिशा पुन्हा पुन्हा उलटवल्यानं.

पहिली पायरी: हे काम फ्लशचं आहे का?

यंत्राचा हिशेब मांडण्याआधी हे शिकून घ्या. जे काम फ्लशनं सुटणारच नव्हतं तेही वहीत धरलं, तर यंत्र विनाकारण घेतलं जातं.

रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर गाळ आहे. खाली गरम आणि वर गार असेल तर वायू अडकलाय. बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि लांबचे कोमट, पण पाणी स्वच्छ, असं असेल तर सिस्टिमचं बॅलन्सिंग (रेडिएटरारेडिएटरांत पाण्याची वाटणी) बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त. लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरच्या एका टोकाचा, प्रवाह ठरवून ठेवायचा व्हॉल्व्ह) घेऊन बसलात तर ते तासाभरात होतं. एकच रेडिएटर गार असेल तर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं (खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचं) डोकं काढा आणि आतली पिन हलते का पाहा. ती अडकलेली असणं फार सर्रास आहे. कॉम्बी बॉयलरमध्ये (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या) हीटिंग नीट पण नळाचं गरम पाणी कधी कढत, कधी गार येत असेल, तर प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे नळाचं पाणी तापवणाऱ्या भागावर, संशय घ्या. त्याच्या नळाकडच्या बाजूला क्षार बसला असेल तर रेडिएटर कितीही धुतले तरी फरक पडणार नाही.

माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या ओपन व्हेंटेड सिस्टिममध्ये आणखी एक जागा तपासा: टाकीकडून येणारी कोल्ड फीडची नळी सिस्टिमला मिळते तो टी-जोड. नळीवर बाहेरून जोरदार लोहचुंबक धरा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. इथे चिकटला, तर आत मॅग्नेटाइट दगडासारखं ठासून बसलंय. हा जोड रसायनाच्या नादी न लागता कापून नवा घाला.

८ किंवा १० मिलिमीटरच्या मायक्रोबोअर (बारीक) नळ्या असतील तर सावध राहा. फांदी अर्धवट तुंबली असेल तर फ्लशनं मोकळी होते. पूर्ण तुंबलेल्या फांदीत पाणीच जात नाही, मग रसायन तरी कसं पोचणार? तिथे नळी बदलणं आलं.

आणि गळती. रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर तांबूस डाग असतील, तर गाळच भोक बुजवून बसलेला असू शकतो. गाळ निघाला की पाणी गालिच्यावर. फ्लशमुळे भोक पडलं असं ग्राहक म्हणणारच. म्हणून काम सुरू करण्याआधी डागांचे फोटो काढा आणि गळतीची शक्यता कोटेशनमध्ये लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

शेवटी नमुना: रेडिएटरमधून काचेच्या बरणीत पाणी काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, बाहेरून चुंबक फिरवा. काळा पुंजका चुंबकामागे सरकला तर ग्राहकाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: यंत्राशिवाय भागतं का?

घरगुती हीटिंगच्या पाण्याचं ब्रिटिश मानक बीएस ७५९३, त्याची २०१९ ची आवृत्ती. त्यात सिस्टिम स्वच्छ करणं, इन-लाइन फिल्टर बसवणं, इनहिबिटर घालणं, दर वर्षी त्याचं प्रमाण तपासणं, आणि पाच वर्षांनी पुन्हा घालणं किंवा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेणं, हे सगळं आहे. पण प्रत्येक घराला पॉवर फ्लशच हवा असं त्यात कुठेही नाही. मेन्सच्या (गावाच्या मुख्य जलवाहिनीच्या) दाबानं धुणं आणि रसायन घालून सिस्टिमच्याच पंपानं फिरवणं, हेही मार्ग त्यात आहेत.

नवी सिस्टिम असेल तर आत फ्लक्स (नळ्या सोल्डर करताना लावायची पेस्ट), तांब्याचा कीस आणि कारखान्यातलं तेल असतं. साफ करणारं रसायन फिरवून मेन्सच्या पाण्यानं धुतलं की झालं. हलक्या गाळाला आणखी एक चांगला उपाय आहे: बॉयलर बदलण्याच्या आठवडाभर आधी जुन्या सिस्टिममध्ये सौम्य क्लीनर घालायचा, लोकांना हीटिंग नेहमीसारखं वापरू द्यायचं, मग मोठ्या चुंबकी फिल्टरचा संच जोडून मेन्सच्या दाबानं एकेक रेडिएटर धुवायचा. असा संच यंत्रापेक्षा बराच स्वस्त आणि एका हातात उचलता येतो. नवशिक्यानं आधी हा घ्यावा आणि मोठ्या यंत्राचा विचार नंतर करावा, असं आमचं मत. तो पुढे पॉवर फ्लशच्या वेळीही परतीच्या नळीवर लावता येतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

मेन्सचा प्रवाह मात्र आधी मोजा. बादली आणि घड्याळ पुरे. मिनिटाला १० लिटरही येत नसेल तर या पद्धतीत दिवस जाईल आणि गाळ तिथेच राहील.

तिसरी पायरी: कामाचा दिवस मोजा

भाड्याचा हिशेब चुकतो तो इथे. दुकान ‘एक दिवस’ म्हणतं तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काम असतं, आणि त्यात नेण्या-आणण्याचा वेळ धरलेला नसतो. दहा रेडिएटरांच्या, साधारण १०० लिटर पाण्याच्या घरात दिवस असा जातो:

१. बॉयलरची वीज बंद. चादरी अंथरणं, फोटो. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची डोकी काढणं. प्रत्येक लॉकशील्ड बंद करताना किती फेरे झाले ते मोजून चिकटपट्टीवर लिहिणं, मग पूर्ण उघडणं. मोटराइज्ड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह हातानं उघडून ठेवणं. ओपन व्हेंटेड सिस्टिम असेल तर व्हेंट (टाकीवर उघडणारी नळी) आणि कोल्ड फीड दोन्ही बंद करणं, नाहीतर काळं पाणी माळ्यावरच्या टाकीत चढतं.

२. यंत्र जोडणं. सर्वांत सोयीची जागा म्हणजे सर्क्युलेटर (सिस्टिममध्ये पाणी फिरवणारा) पंप काढून त्याच्या दोन व्हॉल्व्हवर अडॅप्टर. ते शक्य नसेल तर बॉयलरच्या फ्लो आणि रिटर्न नळ्या. रेडिएटर काढून त्याच्या दोन टोकांवर जोडणं हा शेवटचा पर्याय, कारण तिथल्या १५ मिलिमीटरच्या नळीत प्रवाह दबतो. सांडपाण्याची नळी संडासात किंवा सांडपाण्याच्या गटारात सोडायची. अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या गटारात कधीही नाही, ते सरळ ओढ्या-नदीला मिळतं. पाणी भरायच्या नळीवर डबल चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) हवाच. घरगुती हीटिंगचं पाणी १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांत दूषित पाण्याच्या तिसऱ्या श्रेणीत येतं, ते पिण्याच्या पाण्यात उलटं शिरता कामा नये. या दोन पायऱ्यांना सव्वा तास धरा.

३. नुसतं पाणी फिरवून गळती पाहणं. मग क्लीनर: बहुतेक तयार द्रावणांचं प्रमाण १०० लिटरला १ लिटर, तरी बाटलीवरचं वाचा. सगळे रेडिएटर उघडे ठेवून अर्धा तास, दर काही मिनिटांनी दिशा उलटवत. पाणी गरम असेल तर रसायन झपाट्यानं काम करतं. म्हणून जुना बॉयलर चालू स्थितीत असेल तर फ्लश तो काढण्याआधी करावा.

४. बाकीचे बंद करून एकेका रेडिएटरमधून पूर्ण प्रवाह, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. हॅमर ड्रिलला लावायचा कंपक तळाच्या बाजूनं फिरवत राहायचं, त्यानं बसलेला गाळ सुटतो. दहा रेडिएटरांना पावणेदोन ते अडीच तास.

५. घाण पाणी टाकून ताजं घेत राहणं, पुन्हा एकेका रेडिएटरमधून. आम्ल वापरलं असेल तर आधी ते उदासीन करणं आणि पीएच पट्टीनं खात्री करणं. अ‍ॅल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर असेल तर त्याला चालणारंच रसायन हवं. चुकीचं आम्ल किंवा फार अल्कधर्मी पाणी, दोन्ही त्याला खातात. घरोघरी आरओ बसवणाऱ्यांकडे असतो तोच, पाण्यात विरघळलेले पदार्थ मोजणारा टीडीएस मीटर इथे निकाल देतो: सिस्टिमच्या पाण्याचा आकडा मेन्सच्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत यायला हवा. नळाचं पाणी ३०० पीपीएम असेल तर ३३० पर्यंत उतरेपर्यंत थांबायचं नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं तेव्हाही त्यात क्लीनर उरलेला असतो, आणि तो राहिला तर नव्या इनहिबिटरचं काम बिघडवतो. याला तासभर.

६. यंत्र काढणं, पंप परत बसवणं, इनहिबिटर घालणं, सीलबंद सिस्टिम थंड असताना १ ते १.५ बारपर्यंत भरणं, फिलिंग लूप (सिस्टिममध्ये पाणी भरायची नळी) काढून ठेवणं, लॉकशील्ड मोजलेल्या फेऱ्यांवर आणून बॅलन्सिंग तपासणं, बॉयलरच्या बेंचमार्क नोंदवहीत (बसवणी-देखभालीच्या वहीत) रसायनांची नोंद. पुन्हा सव्वा तास.

बेरीज सहा तासांवर जाते, आणि ती काही अडलं नाही तर. सकाळी आठला दुकान उघडल्यावर यंत्र घेतलं तर साडेआठ-नऊला काम सुरू, आणि पाचच्या आत ते धुऊन परत करायचं. चौदा रेडिएटरांचं घर निघालं किंवा एक व्हॉल्व्ह हातात तुटून आला, की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं. याहून वाईट असं की घड्याळाकडे बघून मीटर ४०० वर असतानाच नळ्या सुटतात. महिन्याभरात ग्राहकाचा फोन येतो. भाड्याच्या यंत्राचा हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही.

चौथी पायरी: आकडे मांडा

क्लीनर, इनहिबिटर, पाणी, मजुरी दोन्हीकडे सारखीच. ती हिशेबातून काढून टाका.

समजा एका दिवसाचं भाडं ८० पौंड, त्यावर डॅमेज वेव्हर (यंत्राचं नुकसान झालं तर भरपाई टाळण्यासाठी भरायची फी) १० टक्के म्हणजे ८. आणायला-सोडायला मिळून दीड तास, तुमचा तास ३५ पौंडांचा धरला तर ५२.५०. डिझेल ८. एकूण १४८.५०. म्हणजे पावतीवर ८० दिसले तरी एका कामामागे खिशातून त्याच्या जवळपास दुप्पट जातात.

आता मालकीचं. यंत्र १,५०० पौंड, पाच वर्षांनी ४०० ला विकलं, तर वर्षाला २२० ची झीज. होज, सील, फिल्टर, किरकोळ दुरुस्ती १००. विमा आणि विजेची तपासणी ५०. वर्षाचे ३७०, काम मिळो न मिळो.

३७० भागिले १४८.५०: अडीच. म्हणजे वर्षाला सुटी-सुटी तीन कामं असली तरी या आकड्यांनुसार मालकी स्वस्त पडते. बहुतेकांना हा आकडा दहा-बारा वाटत असतो, कारण ते ८० पौंडांवरच हिशेब थांबवतात आणि यंत्राची पूर्ण किंमत एकाच वर्षावर टाकतात.

पण आठवड्याच्या भाड्यानं चित्र बदलतं. आठवड्याचे १६०, वेव्हर १६, फेऱ्यांचे ६०.५०, मिळून २३६.५०. त्या आठवड्यात चार घरं लावलीत तर घरटी ५९ पौंड. आता ३७० भागिले ५९: सव्वासहा. सहाव्या कामापर्यंत भाडंच स्वस्त. उन्हाळ्यात घाई नसते, ग्राहक तारीख पुढे-मागे करू देतात, तेव्हा कामं अशी एका आठवड्यात गोळा करता येतात. ऑक्टोबरमध्ये पहिली थंडी पडली की जो तो उद्याच या म्हणतो, आणि नेमकं तेव्हाच दुकानातलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे गेलेलं असतं.

भाड्याचं दुकान तुमच्या रोजच्या सामानाच्या दुकानाशेजारीच असेल तर फेरीचा वेळ शून्यावर येतो, कामाचा खर्च ९० च्या आसपास उतरतो आणि बरोबरीचा आकडा चार-पाचवर जातो. दुकान तासाभराच्या अंतरावर असेल तर उलट.

तेव्हा ठोकताळा: वर्षाला एक-दोन कामं असतील तर भाड्यानं आणा, नाहीतर तेवढं काम यंत्रवाल्या ओळखीच्या माणसाला देऊन आपला टक्का ठेवा. तीन ते सात असतील तर ती एका आठवड्यात गोळा होतात का आणि दुकान किती लांब आहे ते पाहा. त्यावर असतील तर विकत घ्या. मात्र रोख रकमेचाही विचार हवा. १,५०० पौंड पूर्ण वसूल व्हायला दहा कामं लागतात. पहिल्या वर्षात गाडी, अवजारं आणि विमा यांतच पैसे अडकलेले असतील तर वर्षाकाठी पन्नास-शंभर पौंड जास्त गेले तरी भाडं परवडतं.

डायरीत तीन रकाने करा: तारीख, रेडिएटरांची संख्या, आणि ग्राहकानं फ्लशचे वेगळे पैसे दिले का. तिसरा रकाना महत्त्वाचा. बॉयलरच्या किमतीत फुकट घातलेला फ्लश यंत्राचे पैसे फेडत नाही.

करांबद्दल एक समज खोडायला हवा: भाडं खर्चात धरता येतं, यंत्र नाही. हे चूक आहे. २०२४-२५ पासून स्वतंत्र व्यावसायिकांना रोख पद्धतीचा हिशेब हाच मूळ पर्याय आहे, आणि त्यात असं यंत्र घेतलं त्याच वर्षी पूर्ण खर्चात जातं. कंपनी असेल तर अ‍ॅन्युअल इन्व्हेस्टमेंट अलाउन्स (यंत्रखरेदीवरची करसवलत) आहे, त्याची मर्यादा १० लाख पौंड, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी मर्यादा नाहीच. व्हॅटची नोंदणी १ एप्रिल २०२४ पासून बारा महिन्यांच्या ९०,००० पौंडांवरच्या उलाढालीला सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर भाडं आणि किंमत दोन्हींवरचे २० टक्के तुमच्याच खिशातून जातात, तेव्हा व्हॅटसकट आकडे मांडा.

भाड्यानं आणताना

फोनवर हे विचारा. तुमचा दिवस २४ तासांचा की दुकान बंद होईपर्यंतचा? शुक्रवारी नेऊन सोमवारी आणलं तर किती दिवस धरता? अनेक दुकानं शनिवार-रविवार सवलतीत देतात. अडॅप्टर कोणते मिळतात? डॅमेज वेव्हरमध्ये चोरी येते का? गाडीतून चोरी झाली तर बहुधा नाही. तुमच्या पब्लिक लायबिलिटी (ग्राहकाच्या नुकसानीच्या) विम्यात भाड्याच्या यंत्रांचं कलम आहे का, तेही पाहून ठेवा.

काउंटरवरच झाकण उघडा. टाकीच्या तळाशी काळा थर असेल तर आधीच्या माणसाचा गाळ तुम्ही ग्राहकाच्या घरात नेणार. आंबट वास आला तर आम्ल उदासीन न करता यंत्र परत केलेलं आहे. होजच्या टोकाचे वॉशर, दिशा उलटवणारा दांडा सहज फिरतो का, आरसीडीचं (विजेचा धक्का टाळणाऱ्या स्विचचं) बटण दाबल्यावर ट्रिप होतो का, विजेच्या तपासणीच्या चिठ्ठीवरची तारीख: सगळं दोन मिनिटांत पाहून होतं. खोट दिसली तर करारावर लिहून घ्या.

परत करताना ऑफ-हायर नंबर (भाडं थांबल्याच्या नोंदीचा क्रमांक) मागून घ्या. ‘झालं काम, घेऊन जा’ असा नुसता फोन केला आणि नंबर घेतला नाही, तर दुकानाच्या वहीत भाडं चालूच राहतं.

भाड्यानं काम करणाऱ्यानंही काही वस्तू स्वतःच्याच ठेवाव्यात: टीडीएस मीटर, पीएच पट्ट्या, जोरदार चुंबक, ड्रिलचा कंपक, पंपाच्या व्हॉल्व्हचे अडॅप्टर, फायबर वॉशरांची डबी, डबल चेक व्हॉल्व्ह, जाड चादरी. अडॅप्टर नाही म्हणून परत दुकानात गेलेला तास भाड्याइतकाच महाग पडतो.

विकत घेताना

आधी दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं भाड्यानं वापरून पाहा. जाहिरातीतला प्रवाहाचा आकडा नळ्या न जोडता मोजलेला असू शकतो. १५ मिलिमीटरच्या नळीत शिरल्यावर यंत्रायंत्रातला फरक बराच कमी होतो. रोजच्या कामात फरक पडतो तो भलत्याच गोष्टींनी: यंत्र एकट्यानं गाडीत चढतं का, दरवाजातून जिन्याकडे वळतं का, टाकीतली पातळी बाहेरून दिसते का, पंपाचं सील गावातल्या दुकानात मिळतं का.

जुनं यंत्र घेणार असाल तर विजेवर लावून, पाणी भरून, पंधरा मिनिटं चालवून पाहा. शाफ्टच्या सीलमधून थेंब, मोटारीचा खरखराट आणि अर्ध्यात अडकणारा दांडा, यांतली एक गोष्ट दिसली तर किंमत पाडा. दोन दिसल्या तर निघा.

ग्राहक कोण आहेत तेही पाहा. हीट पंपांची (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर तापवणाऱ्या यंत्रांची) कामं वाढली की धुण्याची गरज कमी होईल असं काहींना वाटतं. होतं उलट. बॉयलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या तापमानात २० अंशांचा फरक ठेवला आणि हीट पंपात ५ अंशांचा, तर तेवढीच उष्णता न्यायला चौपट पाणी फिरवावं लागतं. जुन्या नळ्यांत गाळ असेल तर ते फिरतच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमखाली हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं, आणि त्यातले अनेक पंप जुन्याच रेडिएटरांना जोडले जातात. तुमची कामं या बाजूला वळणार असतील तर यंत्र थोडं मोठं घ्या.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पाण्याच्या बाजूचं काम म्हणजे गॅसचं काम नव्हे, पण बॉयलरच्या ज्वलनकक्षाचं झाकण उघडणं किंवा गॅसच्या नळीला हात लावणं हे गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यांनीच करायचं. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गीच्या (गॅसचं काम करणाऱ्यांच्या जुन्या नोंदणीच्या) जागी हेच रजिस्टर आहे. यंत्र घेतलं म्हणून ते नाव लागत नाही.

घेतलेलं यंत्र जपणं

यंत्र कामात कमी आणि पडून जास्त खराब होतं. आम्लाच्या कामानंतर टाकीत उदासीन करणारं द्रावण घालून फिरवा, मग दोनदा स्वच्छ पाणी. नुसतं ओतून ठेवलं तर आम्ल पंपाच्या सीलमध्ये बसून राहतं आणि पुढच्या कामाला थेंब गळू लागतो. आम्लं हाताळण्याचे नियम घातक पदार्थांबाबतच्या २००२ च्या कॉश नियमावलीत आहेत: डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि प्रत्येक रसायनाचं माहितीपत्रक गाडीत.

होज दर कामानंतर पूर्ण रिकामे करून सैल गुंडाळा. मुडपलेल्या जागी भेग पडते आणि ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात कळते. दांड्याचे ओ-रिंग वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं. आणि नोव्हेंबर ते मार्च यंत्र रात्री गाडीत ठेवायचं असेल तर पंपाचा खालचा ड्रेन प्लग काढून, दांडा दोन्ही बाजूंना फिरवून शेवटचा कपभर पाणीही बाहेर काढा. पाणी गोठताना फुगतं, आणि पंपाचं कवच फुटायला तेवढं कपभर पाणी पुरतं.